माउंटन बाईकची शर्यत सुरू होण्याआधीच अर्धी कशी ठरते? हंगामातल्या पहिल्या रेसचं गणित कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरून समजून घ्या

रविवारी पहाटे खोपोलीच्या नाक्यावर उभे राहिलात तर एक दृश्य हमखास दिसतं. मुंबई, पनवेल, नवी मुंबईकडून आलेले सायकलस्वार चहा-वडापाव उरकून बोर घाटाकडे वळत असतात. तिकडे कर्जतच्या बाजूला जाड टायरच्या सायकली घेऊन काहीजण कच्च्या रस्त्यांवर उतरलेले असतात. पाऊस संपला की ही गर्दी वाढते आणि उन्हं तापेपर्यंत टिकते.

हौशी मंडळींसाठी हा झाला हंगाम. पण याच जाड टायरच्या सायकलीवर ज्यांचं पोट चालतं, त्या व्यावसायिक रायडर्सचा हंगाम वेगळ्या पद्धतीने सुरू होतो. वर्षातला पहिला वर्ल्ड कप वीकेंड म्हणजे त्यांच्यासाठी सहामाहीचा निकाल असतो. आणि गंमत अशी की त्या निकालाचा मोठा भाग शिट्टी वाजण्याआधीच ठरलेला असतो. का, ते समजून घेण्यासाठी आधी ही शर्यत नेमकी असते काय ते बघू.

दीड तासात दोन बोर घाट

माउंटन बाईकिंगमध्ये बरेच प्रकार आहेत. डाउनहिल म्हणजे नुसता उतार, एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध. पण ऑलिम्पिकमध्ये असतो तो क्रॉस कंट्री, ज्याला रायडर्स एक्ससीओ म्हणतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा प्रकार तिथे आहे. साधारण साडेतीन ते सहा किलोमीटरचा एक फेरा, त्यात चढ, दगड, मुळं, उड्या, वळणं. सगळे एकदमच सुटतात आणि तोच फेरा पुन्हा पुन्हा मारतात. जिंकणारा साधारण एक तास वीस मिनिटं ते एक तास चाळीस मिनिटांत संपवतो. कर्जतहून सीएसएमटीला लोकलने जायला याहून जास्त वेळ लागतो.

या वेळात चढाई किती? बऱ्याच ट्रॅकवर हजार मीटरच्या आसपास. खोपोली ते खंडाळा हा घाट साधारण पाचशे मीटर वर चढतो. म्हणजे दीड तासात दोन बोर घाट, तेही डांबरावरून नाही. पुणे-मुंबई रेल्वेमार्गावर कर्जतला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं जोडली जातात हे अनेकांनी पाहिलेलं असेल. तिथला चढ आहे ३७ मीटरमागे १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. एक्ससीओच्या ट्रॅकवर पंधरा-वीस टक्क्यांचे चढ नेहमीचे. (लोखंडी चाक आणि रबरी टायर यांची तुलना तशी अन्यायाचीच, पण चढाचा अंदाज यावा म्हणून.)

वीकेंड सुरू होतो गुरुवारी

रेस रविवारची असली तरी रायडर तीन-चार दिवस आधीच ट्रॅकवर असतो. सगळ्यात आधी तो चालतो. होय, चालतो. सायकल बाजूला ठेवून पूर्ण फेरा पायी फिरायचा, दगड कुठे सैल आहे, माती कुठे ओली आहे, ओव्हरटेक करायला रस्ता कुठे रुंद होतो, हे बघून ठेवायचं. मग सायकलवर सराव. अवघड टप्प्यांवर बहुतेक वेळा दोन वाटा आखलेल्या असतात, एक थेट आणि धोक्याची, दुसरी लांबची आणि सोपी. दोन्ही करून बघाव्या लागतात, कारण रेसच्या शेवटच्या फेऱ्यात पाय थकलेले असताना कोणती घ्यायची हे तेव्हा ठरवून चालत नाही.

मग टायरची हवा. नेहमीच्या सायकलचा टायर आपण दगडासारखा कडक भरतो. इथे ट्यूबलेस टायरमध्ये २० पीएसआयच्या आसपासच हवा ठेवतात, म्हणजे टायर जमिनीला चिकटून चालतो. हवा जास्त झाली तर सायकल दगडावरून उसळते, कमी झाली तर रिम दगडावर आपटून टायर फाटतो. फरक एक-दोन पीएसआयचा. रायडर आणि मेकॅनिक यावर अर्धा दिवस घालवतात आणि रात्री पाऊस पडला की सगळं पहिल्यापासून.

हंगामाच्या पहिल्या रेसला यात आणखी एक भर पडते. कोण किती तयारीत आहे हे कुणालाच माहीत नसतं. हिवाळाभर प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात मेहनत करत असतो, आकडे फक्त स्वतःचे दिसतात. २०२५ चा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या अराशा इथे सुरू झाला. युरोपातले बरेच रायडर थंडीतून उठून थेट उन्हात आले होते. तिथे अमेरिकेच्या ख्रिस्तोफर ब्लेव्हिन्सने छोटी आणि मोठी अशा दोन्ही शर्यती जिंकल्या.

छोटी शर्यत हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण खरी गोम तिथेच आहे.

रांग कशी लागते?

मुख्य शर्यतीच्या एक-दोन दिवस आधी शॉर्ट ट्रॅक नावाची वीस-पंचवीस मिनिटांची रेस होते. छोटा फेरा, जीव तोडून वेग. तिच्यात क्रमवारीतले पहिले ४० जणच उतरू शकतात. आणि या रेसमध्ये जे पुढे येतात त्यांना रविवारी पुढच्या रांगांमध्ये उभं राहायला मिळतं. एका रांगेत ८ जण. बाकीचे त्यांच्या मागे, जागतिक क्रमवारीनुसार.

ही क्रमवारी येते यूसीआयच्या गुणांवरून. यूसीआय म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना. तिच्या कॅलेंडरवर नोंदलेल्या रेसमध्ये पहिल्या काही क्रमांकांना गुण मिळतात, रेस जितकी मोठी तितके गुण जास्त. गेल्या वर्षभरात जमवलेले गुण म्हणजे तुमची क्रमवारी. हंगामाच्या पहिल्या फेरीला वर्ल्ड कपची यंदाची गुणतालिका कोरी असते, त्यामुळे रायडर उभा राहतो तो मागच्या वर्षीच्या कमाईवर. हिवाळ्यात तुम्ही कितीही जबरदस्त झाला असाल, रांगेला त्याचं काही देणंघेणं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, दीड तासाची रेस आहे, सुरुवातीला दहा-वीस मीटर मागे असल्याने काय बिघडतं? रस्त्यावरच्या सायकल रेसमध्ये खरंच फार बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण सुरुवातीचा रुंद पट्टा संपला की ट्रॅक एकेरी पाऊलवाटेत शिरतो. नेरळहून माथेरानला पायवाटेने जाताना पुढे एखादा मोठा ग्रुप रेंगाळला तर मागच्यांचं काय होतं ते आठवा. पहिले दहा-पंधराजण त्या वाटेत सायकलवरून सुसाट जातात. तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकाला वेग निम्मा होतो. सत्तराव्या क्रमांकाचा रायडर अनेकदा अक्षरशः खाली उतरून, सायकल हातात धरून रांगेत उभा असतो. पुढे कुणीतरी एक दगडावर अडकलेला असतो. पाय ताजे, दम भरपूर, पण जायला जागा नाही. पुढचे मात्र निघून गेलेले असतात. पहिल्या फेऱ्यातच मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ असा जातो, आणि तो भरून काढायला जी ताकद लागते ती शेवटच्या फेऱ्यातून उसनी घ्यावी लागते.

मागून येऊन कुणी जिंकतच नाही असं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक चौथ्या रांगेतून सुटला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पण त्याला मागे उभं राहावं लागलं ते माउंटन बाईकचे गुण कमी होते म्हणून, दर्जा कमी होता म्हणून नव्हे. आणि तिथे एकूण ३८ च रायडर होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याचा टायर पंक्चर झाला, चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, तरी त्याने पुन्हा सुवर्ण जिंकलं. अशा माणसाचं उदाहरण इतरांना देण्यात फारसा अर्थ नाही.

पंक्चरवरून आठवलं, या खेळात मदत कुठेही घेता येत नाही. पाण्याची बाटली किंवा मेकॅनिकचा हात फक्त ठरवून दिलेल्या झोनमध्ये. बाकी ट्रॅकवर काही झालं तर स्वतःजवळच्या पान्याने स्वतःच निस्तरायचं. आणि दुसरी सायकल घेऊन पुढे जाण्याची मुभा नाही.

सगळ्यात क्रूर नियम

मागच्या रांगेतल्या रायडरला खरी भीती असते ती ८० टक्क्यांच्या नियमाची. नेत्याने पहिला फेरा जितक्या वेळात पूर्ण केला, त्याच्या ८० टक्के वेळाइतके तुम्ही मागे पडलात की तुम्हाला शर्यतीतून बाहेर काढतात. समजा पुढच्याने पहिला फेरा १२ मिनिटांत मारला. तर ९ मिनिटं ३६ सेकंदांची पिछाडी झाली की तुमची रेस संपली. कारण व्यवहार्य आहे, फेरा एकच असल्याने मागचे पुढच्यांच्या वाटेत येऊ नयेत. निकालात नाव येतं, पण वेळेच्या जागी ‘दोन फेरे मागे’ असं लिहिलेलं असतं.

संघाच्या पगारावर आलेल्या रायडरसाठी हा एक वाईट दिवस असतो. स्वतःच्या खर्चाने आलेल्यासाठी मात्र यात व्हिसा, विमानाचं तिकीट, सायकलच्या खोक्याचं वेगळं भाडं, राहणं-खाणं असं सगळं असतं, आणि बदल्यात ट्रॅकवरची चाळीस-पन्नास मिनिटं. त्यातली पहिली काही मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यात गेलेली.

मग आपले रायडर कुठे आहेत?

ऑलिम्पिकच्या माउंटन बाईक शर्यतीत आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. याचं सोपं उत्तर ‘आपल्याकडे टॅलेंट नाही’ असं दिलं जातं, आणि ते आळशी उत्तर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धेत महाराष्ट्राला सुवर्णपदकं मिळवून दिली आहेत. हिमाचलमध्ये २००५ पासून एमटीबी हिमालय ही अनेक दिवसांची रेस उभी राहिली आणि तिथून, तसंच लष्करातून, दमदार रायडर आले.

अडतं ते गुणांपाशी. गुणांसाठी यूसीआयच्या कॅलेंडरवरची रेस हवी. तशा क्रॉस कंट्री रेस देशात फारशा नसल्या की परदेशात जावं लागतं. परदेशात गेलं की मागच्या रांगेत उभं राहावं लागतं, मागून सुटलं की गुण मिळत नाहीत, आणि गुण नाहीत म्हणून पुढच्या वेळीही मागचीच रांग. युरोपातला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत गाडीने दोन-तीन तासांवरच्या छोट्या रेसमधून गुण जमवत आलेला असतो. आपल्याकडच्या मुलाला त्याच गुणांसाठी पासपोर्ट लागतो.

रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये हे चित्र बदलायला सुरुवात झाली आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ दरम्यान झालेली पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची शर्यत यूसीआयच्या २.२ दर्जाची होती. म्हणजे जागतिक गुण घाटाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यापर्यंत आले. पण रस्त्यावर मिळवलेले ते गुण माउंटन बाईकच्या रांगेत चालत नाहीत. त्या क्रमवारीचं खातं वेगळं आहे.

कर्जत-खालापुरात ट्रॅक होऊ शकतो का?

या भागाला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत अनेक दशकं खोपोलीवरून बोर घाटात चढत आली आहे, आणि घाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. वर, लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारा कच्चा रस्ता माउंटन बाईकवाल्यांचा आवडता आहे. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून यायला सोयीचं, दोन्ही तालुक्यांना लोकल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी हवा. कागदावर याहून चांगली जागा सापडणं कठीण.

पण डोंगर दिसला की ट्रॅक आखला, इतकं ते सरळ नाही. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यात या दोन तालुक्यांचाही भाग येतो. बराच डोंगर वनखात्याचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यामुळे इथल्या उतारावर माती हलवण्याची भाषा कुणीही हलक्यात करू नये. शिवाय या डोंगरातल्या पाऊलवाटा रिकाम्या नाहीत. ठाकर आणि कातकरी वाड्यांतली माणसं त्यांवरूनच शाळेत, बाजारात, दवाखान्यात जातात. रविवारी सकाळी त्याच वाटेवरून चाळीसच्या वेगाने खाली येणं हा खेळ नाही, दांडगाई आहे.

त्यातही एक सोय आहे. एक्ससीओला अख्खा डोंगर लागतच नाही. शंभर-दीडशे मीटरचा चढ-उतार असलेली टेकडी, तिच्यावर चार किलोमीटरचा फेरा, आणि त्यातला बराचसा भाग जेमतेम मीटरभर रुंद. जेसीबीने सपाटी केलेल्या एका फार्महाऊसच्या रस्त्याला याहून जास्त माती हलते. पाणी वाटेवरून वाहत न जाता दर थोड्या अंतरावर बाजूला निघून जाईल अशी आखणी केली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात ट्रॅकचा ओढा होईल. म्हणजे जूनमध्ये बंद करायचा, दिवाळीनंतर दुरुस्त करायचा आणि मग रेस घ्यायची.

जाहीर झालेल्या वेळापत्रकात २०२६ च्या वर्ल्ड कपची पहिली फेरी १ ते ३ मे दरम्यान दक्षिण कोरियातल्या योंगप्योंगला ठेवली आहे. ब्राझीलपेक्षा ते जवळ, आणि आशियातच. रांग मात्र तिथेही गुणांनुसारच लागते.