खाण बंद पडली, पाझर बंद होत नाही

मृगाचा पाऊस जवळ आला की खाणींच्या पायथ्याशी वसलेल्या गावांना एकच चिंता ग्रासते : वरचा बांध यंदा टिकेल काय? डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिज धुतल्यावर उरणारा तांबडा चिखल साठविण्यासाठी आणि टाकाऊ मातीच्या डोंगरांवरून वाहणारा गाळ अडविण्यासाठी मातीचे बांध घालावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी गोव्यातील खाणकाम थांबविले. ते पुढे सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. २०२२ अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले. खाण कोणाची, यावर वर्षानुवर्षे खल झाला. बांध कोणाचा, हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारला जावा, असे आम्हांस वाटते.

मातीचा बांध मुळातच दुबळा, ही समजूत खरी नव्हे. तापी नदीवरील उकाई धरणाचा बराचसा भाग मातीचाच आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या खाली, नदीकाठी सुरत शहर आणि कतारगामसारख्या त्याच्या दाट वस्त्या नांदत आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. पण बांध फुटला नाही. माती दगा देत नाही. दगा देते ती मातीविषयीची बेपर्वाई.

मातीतून पाणी झिरपणारच. ते समूळ थांबविणे कोणाही अभियंत्याच्या हाती नाही. त्याने करावयाचे ते एवढेच की, त्या पाण्याला वाट आखून द्यावयाची. म्हणून बांधाच्या पोटात चिकणमातीचा गाभा घालतात आणि त्याखाली अभेद्य थर लागेपर्यंत चर खणून तोही चिकणमातीने ठासून भरतात. आमच्याकडील जांभा सच्छिद्र असल्याने या चराचे महत्त्व अधिकच. गाभ्यामागे वाळूचा थर असतो. तो पाण्याला जाऊ देतो, परंतु मातीचा कण अडवितो. पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून मग स्वच्छ पाणी बाहेर पडते. हे पाणी गढूळ झाले की समजावे, बांध आतून पोखरला जात आहे.

खाणीच्या बांधाची गोष्ट याहून अवघड. धरण एकदा बांधून होते. गाळाचा तलाव मात्र भरत जातो तसतसा त्याचा बांध वाढवावा लागतो. ही वाढ साठलेल्या ओल्या गाळावरच उभी केली, तर पायाच चिखलाचा ठरतो. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे लोहखनिजाच्या गाळाचा असा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी क्षणार्धात ढासळला आणि सुमारे २७० माणसे गाडली गेली. निचरा अपुरा असल्यामुळे आत पाणी तुंबून राहिले होते, असे तज्ज्ञांना आढळले. त्या तलावात २०१६ पासून नवा गाळ पडत नव्हता आणि काही महिन्यांपूर्वीच बांधाला स्थैर्याचे प्रमाणपत्रही मिळाले होते. बंद खाणीचा बांध म्हणजे निर्धोक बांध, असे मानणाऱ्यांनी या दोन गोष्टी मनात कोरून ठेवाव्यात.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक जीव गेले. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. पुढे खुद्द मंत्र्यांनीच खेकड्यांकडे बोट दाखविले! खेकडा बांध पोखरतो, हे आमच्या खाजन शेतीतील पूर्वजांना का ठाऊक नव्हते? पण ते खेकड्याला दोष देऊन घरी बसले नाहीत. भरतीच्या पाण्यापासून शेत राखणाऱ्या बांधांवर गावकरी सामाईक पहारा ठेवीत आणि भोक दिसताच ते बुजवीत. त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती, दक्षता होती.

तीच दक्षता आज कायद्याने मागावयास हवी. गोव्यातील प्रत्येक खाणबांधाची, चालू असो वा बंद, यादी करावी आणि त्याचा जबाबदार धनी नावानिशी जाहीर व्हावा. बांधातील पाण्याची पातळी आणि पायथ्याच्या पाझराचे माप पावसाळ्यात रोज घ्यावे व ते पंचायतीच्या फलकावर लावावे. सांडवा मोकळा असल्याची खातरजमा पहिल्या पावसाआधी व्हावी. नव्या पट्टेदाराने जुन्या बांधाचा भारही उचलावा. खनिज त्याचे आणि चिखल गावाचा, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

पायथ्याचे पाणी गढूळ झाल्याचे सर्वप्रथम दिसते ते तेथील शेतकऱ्याला. त्याचे म्हणणे त्याच दिवशी ऐकून घेणारा अधिकारी असेल, तरच वरचा बांध सुरक्षित. एरवी चौकशी समित्या आहेतच. त्या मात्र नेहमी बांध फुटल्यानंतर येतात.