महिनाभरात कादंबरी

कादंबरी म्हणजे लांबलचक गोष्ट. अमेरिकेत १९९९ साली २१ जणांनी ठरवले, एका महिन्यात कादंबरी लिहायची. शब्द ५०,०००! पुढे त्यासाठी नोव्हेंबर महिना ठरला. त्यातून झालेली संस्था २०२५ साली बंद पडली, पण लिहायला कोण अडवतंय?

मी भागाकार केला. रोज १,६६७ शब्द. माझ्या वहीच्या पानावर ८० शब्द बसतात, म्हणजे रोज २१ पाने! बाई म्हणाल्या, "तू रोज एकच पान लिही. पण आधी तयारी कर."

तयारी म्हणजे गोष्ट कोणाची, कुठे घडते, त्याला काय पाहिजे, हे आधी टिपून ठेवायचे. मग लिहिताना खोडायचे नाही, नाहीतर महिना खोडरबरातच जातो.

माझी गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीची आहे. माझी मैत्रीण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर जाते. मी कोपी कधी पाहिली नाही. म्हणून ती जायच्या आधीच विचारून घेतले. कोपीत किती जण झोपतात? पहाटे किती वाजता उठता? बाळाला कोण सांभाळतं? तिने सगळं सांगितलं. शाळेची आठवण येते का, विचारलं तर गप्पच बसली.

परवा त्यांचा ट्रक गेला. ते पान मी कोरं ठेवलंय. ती आली की विचारीन.

– इयत्ता ४ थी