टाटा सिएरा : एका अल्पजीवी वाहनाचा इतिहास व वैशिष्ट्ये

प्रस्तावना

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास सामान्यतः यशस्वी वाहनांच्या आधारे मांडला जातो. बाजारपेठेत न टिकलेल्या वाहनांची नोंद ओझरती घेतली जाते. तथापि एखादे वाहन का टिकले नाही, या प्रश्नाच्या उत्तरातून तत्कालीन समाजाच्या गरजा अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात टाटा सिएरा या वाहनाचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१९४५ मध्ये स्थापन झालेली टेल्को, म्हणजेच २००३ नंतरची टाटा मोटर्स, प्रामुख्याने मालमोटारींसाठी ओळखली जात होती. १९८८ मध्ये तिने टाटामोबाईल हे हलके मालवाहू वाहन आणले. याच वाहनाची चासी आधारभूत धरून सिएराची रचना करण्यात आली. पुण्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९९१ मध्ये, म्हणजे नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले त्याच वर्षी, बाजारात आली. टेल्कोचे हे पहिलेच प्रवासी वाहन होय.

वैशिष्ट्ये

सिएरास पुढे दोन व मागे एक असे तीनच दरवाजे होते. मागील बाजूच्या मोठ्या, छताकडे वळलेल्या, न उघडणाऱ्या काचा ही तिची खरी ओळख. जादा चाक मागील दारावर बसविलेले असे. १९४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन व पाच गिअर ही तिची यांत्रिक बाजू होती. वातानुकूलन, विजेवर चालणाऱ्या काचा व इंजिनाचे फेरे दर्शविणारा मापक या त्या काळी दुर्मीळ असलेल्या सोयी तीत होत्या. चारही चाकांना गती देणारी आवृत्तीही उपलब्ध होती. इंजिनाची शक्ती अपुरी असल्याची तक्रार होत असे. पुढे १९९७ च्या सुमारास टर्बो इंजिनाने ती काही अंशी दूर केली.

मर्यादा

सिएराच्या अपयशाचे खापर केवळ इंजिनावर फोडणे योग्य ठरणार नाही. कारण १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोत हेच १९४८ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. सुमोचे रूप पेटीसारखे व साधे होते. परंतु तीत अधिक दारे व अधिक माणसांची सोय होती. एकत्र प्रवास करणारी कुटुंबे आणि भाड्याने वाहने चालविणारे व्यावसायिक यांनी ती आपलीशी केली. सिएरात मात्र मागे बसण्यासाठी पुढील आसन सरकवून आत शिरावे लागे. वयस्कर माणसास वा लुगडे नेसलेल्या स्त्रीस ते सोयीचे नव्हते. शिवाय मागील प्रवाशांना वाऱ्यासाठी उघडता येईल अशी खिडकीही नव्हती. किंमतही मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. स्वतः गाडी चालविणाऱ्या हौशी मालकासाठी केलेली ही रचना कुटुंबकेंद्री बाजारपेठेत एकाकी पडली. सुमारे एका तपानंतर, २००३ च्या सुमारास, तिचे उत्पादन थांबले. सुमो मात्र २०१९ पर्यंत टिकली.

समारोप

१९९८ मध्ये टाटा सफारी पाच दारांसह आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा हे नाव पुन्हा बाजारात आणताना कंपनीने जुन्या काचेचा आभास जपला, परंतु दारे पाच ठेवली. जुन्या रचनेतील नेमका दोष कोठे होता, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच मानता येईल. सारांश, सिएरा यंत्रापेक्षा आसनव्यवस्थेत उणी पडली. मालमोटारी बनविणारा कारखाना प्रवासी वाहनांकडे वळला, त्यातील पहिला धडा म्हणून तिचे स्थान निश्चित आहे.