लिनक्स बदलताना : सेंटओएस ते डेबियन

"डिस्ट्रो बदलायचा म्हणजे काय, पेनड्राइव्ह लावला की झालं!" असं होस्टेलवर नेहमी ऐकू येतं. मलाही तसंच वाटायचं. २०२४ च्या दिवाळीत पवनीला घरी गेलो आणि डोळे उघडले.

घरच्या जुन्या पीसीवर (रॅम ४ जीबी) सेंटओएस ७ होतं. २०१४ साली आलेल्या या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. मुदत संपली म्हणून पीसी बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. त्यात जुना मिररचा पत्ताही बंद झाल्यामुळे ‘यम’ कमांडला साधं पॅकेज सापडेना.

अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे २०२१ मध्ये आलेले डिस्ट्रो सेंटओएसच्याच घराण्यातले, कमांडही बहुतेक त्याच. पण मला हलकं काहीतरी हवं होतं, म्हणून एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन १२ निवडलं. घरी नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट; त्यामुळे पूर्ण डीव्हीडी-इमेज होस्टेलवरूनच पेनड्राइव्हवर नेली होती.

आधी रूट होऊन सगळ्यांची फोल्डरं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केली, मग पीसीची डिस्क पुसली. अर्ध्या तासात डेबियन तयार! बॅकअप उघडायला गेलो तर बाबांचा धानाचा हिशेब लगेच उघडला, पण माझं फोल्डर मात्र ‘परमिशन डिनाइड’. त्यातच प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि सबमिशनला उरले चार दिवस. बाबा म्हणाले, "काऊन रे, घाम काऊन फुटला?"

कारण साधं होतं. लिनक्स फाइलचा मालक नावानं नाही, नंबरानं ओळखतो. सातबाऱ्यावर जमीन गट नंबरानं ओळखतात ना, तसं. जुन्या पीसीवर बाबांचं खातं पहिलं, म्हणजे १०००, माझं १००१. डेबियनमध्ये मी स्वतःचं खातं आधी उघडलं आणि १००० नंबर मला मिळाला. म्हणजे बाबांच्या फाइलींचा मालक मी झालो, आणि माझ्या फाइलींचा मालक कोणीच नाही! ‘एलएस -एलएन’ दिल्यावर हे नंबर दिसले. मग रूट होऊन ‘चोन’ कमांडनं फक्त त्या फोल्डरची मालकी माझ्या नावावर केली. रिपोर्ट उघडला तेव्हा कुठे जेवण गेलं.

तुम्ही बदलणार असाल तर एवढं करा :

१) डिस्क पुसण्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.
२) जुन्या खात्यांचे नंबर आणि पॅकेजची यादी कागदावर लिहून ठेवा.
३) नावं बदलतात हे लक्षात असू द्या : ‘यम’च्या जागी ‘एपीटी’, ‘एचटीटीपीडी’च्या जागी ‘अपाचे२’, ‘व्हील’ ग्रुपच्या जागी ‘सुडो’.
४) सबमिशनच्या आठवड्यात हा उद्योग करू नका.

शेवटचा मुद्दा पहिला समजून वाचावा!