जखमी कोंबड्याला आधी ऊब, मग हळद

अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात परसात चार कोंबड्या असलेल्या घराला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मुंगसाने धरलेला कोंबडा आरडाओरडा करून सोडवला, पाठीची कातडी फाटलेली आहे, आता काय करायचं? हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. जखम डोळ्यांना दिसते, गारठा दिसत नाही. कोंबड्याची कातडी पातळ आणि कोरडी असते. फाटली की बघवत नाही, पण स्वच्छ राहिली तर भराभर सांधते. खरा धोका पहिल्या रात्रीचा असतो. शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश राखणारा हा पक्षी रक्त गमावून बसलेला असतो, पिसं उपटली गेल्याने पाठ उघडी पडलेली असते आणि घाबरल्यामुळे तो दाणाही टिपत नाही. त्यात डिसेंबरची नगरची थंडी, पारा दहाच्या आसपास. अशा वेळी घरी करण्यासारखा सर्वांत मोठा उपचार म्हणजे ऊब.

याला पुरावा आहे, आणि तो चक्क फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचा. कोंबड्यांना फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, का होत नाही, या कोड्याने १८७८ साली त्याला पछाडलं होतं. अल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक कोलँ म्हणत होते, होतो की! ‘मग रोगाने मेलेली एक कोंबडी आणून दाखवा,’ असं पाश्चरने सुनावलं. ती काही आली नाही. मग पाश्चरनेच कोंबडीला जंतू टोचून तिचे पाय २५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवले. अंगाचं तापमान ३७-३८ अंशांवर उतरलं आणि ती मेली. नुसते जंतू टोचलेली जगली, नुसती पाण्यात ठेवलेलीही जगली. तिन्ही कोंबड्या त्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे नेऊन ठेवल्या. (नाट्याची हौस त्याला होतीच.) पण माझ्या मते खरा प्रयोग त्यानंतरचा. जंतू टोचून, गार करून, रोग अंगात भिनल्यावर एक कोंबडी पाण्यातून काढली, कापसात गुंडाळली आणि ३५ अंशांच्या उबदार पेटीत ठेवली. ती बरी झाली. औषध म्हणून तिला मिळाली ती फक्त ऊब.

यावर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. कोंबडीच्या अंगच्या उष्णतेने जंतू वाढत नाहीत, हे पाश्चरचं स्पष्टीकरण अपुरं होतं. तेच जंतू दुबळे करून लस बनवण्यासाठी त्याने पुढे ते ४२-४३ अंशांवर वाढवलेच. म्हणजे एवढ्या तापमानाला ते मरत नव्हते. गारठ्याने मोडली होती ती कोंबडीची स्वतःची झुंज. ही दुरुस्ती माझ्या मुद्द्याला बळच देते. ऊब जंतूंना मारत नाही, ती पक्ष्याला लढता ठेवते. म्हणूनच उपाय साधा आहे. खोक्यात गोणपाट अंथरायचं आणि एकाच कडेला जुना पिवळा दिवा लावायचा, म्हणजे उकडलं तर कोंबडा आपणच बाजूला सरकतो. पिसं फुलवून, डोळे मिटून बसला तर थंडी वाजते आहे. चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरले, तर ऊब जास्त झाली. मे महिन्यात दिवा नको, सावली हवी, कारण कोंबड्याला घाम येत नाही. इतर कोंबड्यांपासून तर त्याला दूरच ठेवायचं; लाल दिसलं की त्या टोचतात.

मग हळद खोटी का? अमेरिकेत १९९५ साली जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळालं आणि शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारताच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेने लढून १९९७ साली ते रद्द करवलं. त्याचा अभिमान आहेच. पण पेटंट रद्द झालं ते ही माहिती जुनी होती म्हणून. हळद प्रत्येक जखम बरी करते, असा निकाल कुणी दिलेला नाही. फाटक्या कातडीवर थापलेली पूड रक्तात मिसळून खपली धरते आणि खाली माती तशीच राहते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने आधी जखम धुवावी. मात्र पंखाचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यावर पाणी ओतू नये. ते हाड पोकळ असून श्वसनाच्या हवापिशवीला जोडलेलं असतं, पाणी थेट आत जाऊ शकतं. धरतानाही छाती आवळू नये. कोंबड्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही; छातीचं हाड हललं नाही तर त्याचा श्वासच थांबतो.

‘कोंबड्याला कसलं आलंय दुखणं,’ असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनमधला २००० सालचा एक अभ्यास आहे. लंगड्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं, त्यातल्या एकात वेदनाशामक मिसळलेलं होतं. लंगड्यांनी ते निरोगी कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं अधिक तितकं जास्त. म्हणून घरातली गोळी कुटून द्यायची, असं मात्र नाही. ज्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं जवळजवळ संपवली आणि २००६ साली ज्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, ते कोंबड्याच्या मूत्रपिंडालाही घातक आहे.

उबेची मर्यादाही ओळखायला हवी. मान वाकडी झालेला कोंबडा जखमी नसून मानमोडी रोगाचा असू शकतो. एक पाय पुढे, एक मागे पसरलेला मारेक्स रोगाचा. आणि जखम चिघळली तर कोंबड्याचा पू वाहून जात नाही, खरवसासारखा आतच घट्ट बसतो. तो पशुवैद्यकाने कापूनच काढावा लागतो.