श्वासातली दारू यंत्राला कशी कळते?

पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ गुडीहत्नूर, इच्छोड्याकडे धावतो. या रस्त्यावर पोलिसांनी गाडी थांबवून नळीत फुंकायला सांगितलं, तर नेमकं काय मोजलं जातं?

दारू रक्तात मिसळते आणि फुप्फुसांतून श्वासात उतरते. ढोबळमानाने २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढंच १ मिलिलिटर रक्तात असतं. यंत्रातल्या इंधन घटात त्याचं ऑक्सिडीकरण होऊन वीज निर्माण होते. जितकी वीज, तितकं अल्कोहोल. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागू होतं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

तोंडात नुकताच माउथवॉश घेतला असेल तर आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या, असं नम्रपणे जरूर म्हणावं. चाचणीच नाकारणं मात्र महागात पडतं: दारूचा संशय असल्यास वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसल्यास नकार खटल्यात तुमच्याविरुद्ध जातो. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सुटका. हे कलम २०२ सांगतं.

गाडीचं काय? २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की केवळ मद्यपानाच्या कारणावरून पोलिसांना गाडी अडकवून ठेवता येत नाही. सोबत न प्यायलेला, परवानाधारक माणूस असेल तर गाडी त्याच्या हाती द्यावी. नसेल तर नातेवाइकाला बोलवावं.