पाबे घाट उतरल्यावर : भोर-वेल्ह्याची मुलं आणि सरकारी प्रयोगशाळा

२०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या मदतीने आपल्या शाळांतल्या मुलांना चाळण्या लावल्या आणि त्यातून निवडलेल्यांना इस्रो आणि नासा दाखवायचं ठरवलं. या यादीत भोर तालुक्यातली मुलंही होती. गावोगाव फलक लागले, सत्कार झाले, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. ते योग्यच झालं. पण याच मुलांच्या हातात आठ-दहा वर्षांनी पदवी पडेल, तेव्हा त्यांना विचारायला भोरमध्ये किंवा आता सरकारदरबारी राजगड झालेल्या वेल्ह्यात कोण असेल? शिक्षक व्हायचं, पोलिसात जायचं, तलाठी व्हायचं तर सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. शास्त्रज्ञ म्हणून सरकारात कसं लागायचं, हे सांगणारं माणूस शोधावं लागतं.

मग मुलं मोबाइलवर शोधतात. तिथे सापडते ती स्पर्धा : बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) मोठं की इस्रो, इस्रो मोठं की डीआरडीओ (संरक्षण संशोधन आणि विकास संघटना). हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. तिन्हीकडे नव्या अभियंत्याची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, ५६,१०० रुपये मूळ वेतनावर होते. पदाचं नाव तेवढं बदलतं : एका ठिकाणी सायंटिफिक ऑफिसर ‘सी’, दुसऱ्या ठिकाणी सायंटिस्ट/इंजिनिअर ‘एससी’, तिसऱ्या ठिकाणी सायंटिस्ट ‘बी’. वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहत बसावं लागत नाही. ठरावीक वर्षांनी कामाचा आढावा आणि मुलाखत होते, आणि पात्र ठरलेला आहे त्याच खुर्चीत वर चढतो. महसूल खात्यात वर्षं काढलेल्या माणसाला ही सोय सांगितली तर तो आधी विश्वास ठेवत नाही. थोडक्यात, पैसा आणि बढती यांवरून निवड करता येत नाही. मुक्काम कुठे पडेल, आपलं काम चारचौघांत सांगता येईल का, आणि दारात शिरायला नेमकं काय लागतं, यांवरून ती करावी लागते.

वेल्ह्याहून पुण्याला पाबे घाटाने खाली उतरलं की खडकवासल्याच्या पाण्याच्या दोन्ही अंगांना सरकारी विज्ञान पसरलेलं दिसतं. गिरीनगरला डीआयएटी हे संरक्षण संशोधनाचं अभिमत विद्यापीठ आहे. धरणाखाली सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचनासाठी सुरू झालेल्या एका छोट्या विभागातून ते वाढलं. धरणाचा सांडवा, बंदराचा धक्का, नदीचं वळण यांची लहान प्रतिकृती करून तीत पाणी सोडायचं आणि खरं बांधकाम कसं वागेल ते आधीच पाहायचं, हे तिथलं काम. याच खडकवासल्याच्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले आणि १९०३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली पदवी घेऊन बांधकाम खात्यात शिरलेला हा तरुण अभियंता सरकारी पगारात संशोधन करत होता. आणि १२ जुलै १९६१ रोजी पहिल्यांदाच भरत असलेलं पानशेतचं धरण फुटलं, तेही याच खोऱ्यात, वेल्हे तालुक्यात. धरणांनी ज्यांची गावं उठवली, त्या घरांतल्या स्थापत्य अभियंत्यांना हे केंद्र आठवू नये, याचं मला नवल वाटतं. इथल्या शास्त्रज्ञांची भरती यूपीएससीमार्फत होते. जागा थोड्या निघतात, जाहिरात गाजत नाही, त्यामुळे ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

शहर ओलांडून पाषाणला गेलं की डीआरडीओ लागतं. एआरडीई तोफा आणि दारूगोळ्याचं काम करते, शेजारची एचईएमआरएल स्फोटकं आणि रॉकेटच्या इंधनाचं. दिघीची तिसरी संस्था लष्करी पूल आणि प्रक्षेपकांसारखी यंत्रं बनवते. पिनाका हा अग्निबाणांचा मारा करणारा प्रक्षेपक या पुणेकर प्रयोगशाळांतून घडला. भोरच्या मुलासाठी डीआरडीओचा मोठा फायदा म्हणजे घर जवळ. शनिवारी संध्याकाळी निघालं तर रात्रीचं जेवण गावी. बदली होणारच नाही असं मात्र धरून चालू नये. निवडही तुलनेने मोकळी आहे : सायंटिस्ट ‘बी’साठी गेट या अभियंत्यांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांना ८० टक्के वजन आणि मुलाखतीला २०. इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या, पण पेपर उत्तम सोडवणाऱ्या मुलाला हे गणित सोयीचं पडतं. अडचण दुसरीच आहे. काय केलं ते कुठे सांगता येत नाही. शोधनिबंधाला परवानगी लागते, आणि दहा वर्षं राबून उभी केलेली वस्तू सैन्याने घेतली नाही तर ती कुणाला दाखवताही येत नाही. काहींना हे चालतं. ज्यांना नाव हवं असतं ते इथे कुढतात.

बीएआरसीचं वळण निराळं आहे, आणि माझा कल थोडा तिकडेच आहे, हे लपवत नाही. होमी भाभांनी १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षणशाळा काढली. तयार माणसं बाहेरून मिळणार नाहीत, ती आपणच घडवावी लागतील, हा त्यामागचा हिशेब होता. आजही अभियंता किंवा एमएस्सी झालेला विद्यार्थी निवडला गेला की आधी वर्षभर वर्ग, परीक्षा आणि विद्यावेतन, मग नेमणूक, आणि किमान तीन वर्षं सेवेचं बंधपत्र. अनिल काकोडकर व्हीजेटीआयतून यांत्रिकी अभियंता होऊन १९६४ मध्ये याच वाटेने आत गेले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. इथे गेटने किंवा केंद्राच्या स्वतःच्या परीक्षेने फक्त मुलाखतीपर्यंत पोचता येतं. अंतिम यादी मुलाखतीच्याच जोरावर लागते, आणि ती मुलाखत लांबलचक, विषयाच्या मुळाशी जाणारी असते. उष्णतेचं वहन घेतलं असेल तर सूत्र म्हणून दाखवून सुटका होत नाही. ते सूत्र कुठून आलं, कुठे चालत नाही, हे फळ्यावर मांडावं लागतं. क्लासच्या नोट्स घोकलेल्यांचा तिथे निभाव लागत नाही. दुसरी गोष्ट वयाची : खुल्या गटाला २६ पर्यंतच दार उघडं. आत गेल्यावर नोकरी करताकरता होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून पीएचडी करता येते, अणुशक्तीनगरला घर मिळतं, आणि कामाचा आवाका अणुभट्टीपुरता नसतो. लासलगावला कांद्यावर विकिरणाची प्रक्रिया करणारं ‘कृषक’ केंद्र आणि तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी काढलेलं टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाण, दोन्ही याच घराण्यातली.

इस्रोबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल ऐकून कुणी राहिलेलं नाही. यश उघड्यावर दिसतं, अपयशही. भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी आणि संगणक या शाखांची, पदवीला ६५ टक्क्यांची अट, खुल्या गटाची वयोमर्यादा २८. मोठी केंद्रं थिरुवनंतपुरम, बंगळुरू, अहमदाबाद, श्रीहरिकोटा इथे. महाराष्ट्रात नागपूरला दूरसंवेदनाचं प्रादेशिक केंद्र आहे, बस्स. म्हणजे आयुष्य केरळात किंवा कर्नाटकात काढायची मनाची तयारी हवी. मराठी माणसाने ती पूर्वी दाखवली आहे : वसंत गोवारीकर १९६७ मध्ये, इस्रो स्थापन होण्याआधीच, अवकाश कार्यक्रमात गेले, १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते, आणि पुढे मान्सूनच्या अंदाजाचं प्रारूप त्यांच्या नावाने ओळखलं गेलं.

चौथी वाट लांबची आहे, आणि ती घरच्यांना समजावणं सर्वांत कठीण. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पाषाणचीच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आघारकर संस्था, रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए यांसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ म्हणून शिरायला सहसा पीएचडी लागते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या सीएसआयआर परिषदेची आहे, तिथे शास्त्रज्ञाची सुरुवात एक स्तर वर, ६७,७०० वर होते, पण तिथवर पोचायला एमटेक किंवा पीएचडीची वर्षं खर्ची पडतात. नेट परीक्षेत जेआरएफ या संशोधनवृत्तीसाठी पात्र ठरल्यावर मिळणारी रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० आहे. गावाकडच्या हिशेबात ती वाईट नाही. पण पोरगं अठ्ठाविशीचं झालं तरी ‘अजून शिकतंय’ हे उत्तर लग्नाच्या बोलणीत चालत नाही, आणि पीएचडी झाल्यावर जागा मिळेलच अशी हमी कुणी देत नाही. तरी ज्याला प्रश्न स्वतः निवडायचा आहे त्याने हीच वाट धरावी. मोठ्या प्रकल्पात प्रश्न वरून येतो, इथे तो बराचसा आपला असतो. आणि प्रश्न आपल्या डोंगरांतच पडलेले आहेत. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालते. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमिनीलाच टेकतात, त्यामुळे मोजायला विमान लागत नाही. कराडला कोयनेच्या भूकंपांसाठी खोल विवरं खोदून खडकाचा ताण तपासणारी संस्था आहे, तिने गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विवर पाडलं. हिरडस मावळात पाऊस आणि कातळ यांच्यात वाढलेल्या मुलाला यातलं काय परकं आहे?

शेतीतल्या संशोधनाकडे तर विज्ञानाची मुलं ढुंकूनही पाहत नाहीत. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आज जो इंद्रायणी भात डोलतो, तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाला. रोज ताटात येणारा, इतका जवळचा सरकारी शोध दुसरा नाही. कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या (एएसआरबी) परीक्षेतून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत शास्त्रज्ञ होता येतं. पगार, मान आणि काम पाहता हे दार वरच्या कुठल्याही दारापेक्षा हलकं नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते इंजिनिअर आणि एमएस्सीवाल्यांचं. दोन्ही तालुक्यांतली पुष्कळ मुलं मात्र बीएस्सी, डिप्लोमा किंवा आयटीआयवर थांबतात. नुसत्या बीएस्सीवर बीएआरसीच्या प्रशिक्षणशाळेचं दार उघडत नाही, हे अनेकांना तिसऱ्या वर्षानंतर कळतं. पण प्रयोगशाळा शास्त्रज्ञांइतक्याच वायरमन, टर्नर, फिटर आणि तांत्रिक सहायकांवर चालतात. डीआरडीओ ‘सेप्टम’ या आपल्या भरती केंद्रामार्फत डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांना वरिष्ठ तांत्रिक सहायक म्हणून घेते, सुरुवात ३५,४०० वर. आयटीआयवाल्यांना तंत्रज्ञ म्हणून १९,९०० वर. बीएआरसीत दोन गटांचे प्रशिक्षणार्थी घेतात : पहिल्यात डिप्लोमा आणि बीएस्सी, दुसऱ्यात आयटीआय आणि बारावी विज्ञान. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळतं, नंतर पक्की नोकरी. पुढे शिकत राहिलेला सहायक अधिकारीही होऊ शकतो, मात्र त्याला वेळ लागतो, आणि साहेबाच्या मुलापेक्षा एक पायरी खाली सुरुवात केल्याची सल काहींना शेवटपर्यंत राहते.

सगळा घोळ वयाच्या गणितात होतो. आपल्याकडची रीत अशी की पदवी झाली की सदाशिव पेठेत खोली घ्यायची, चार-पाच वर्षं एमपीएससी करायची, आणि नाहीच जमलं तर ‘दुसरं काहीतरी’ बघायचं. क्रम उलटा हवा. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ पर्यंत बसता येतं. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो आणि पदवी हाती येण्याआधीच ही परीक्षा देता येते. बीएआरसीचा अभियंता २६ ला, पहिल्या गटाचा प्रशिक्षणार्थी २४ ला आणि दुसऱ्या गटाचा २२ ला बाद होतो. राखीव गटांना सवलत आहे आणि अटी जाहिरातीगणिक थोड्या हलतात, तरी पहिली तीन वर्षं प्रयोगशाळांच्या परीक्षांना द्यावीत. त्यानंतर राज्यसेवेच्या अभ्यासाला लागलं तरी हाताशी दहा वर्षं उरतात.